हुप्प्याचा आवाज

आठवीत शाळा सुटली तेव्हा मला एकच गोष्ट इतरांपेक्षा बरी येत होती, हुप्प्याचा आवाज काढणं. आमच्या गावात चिंचांवर काळतोंडी वानरं असायची. त्यांच्या म्होरक्याचा, हुप्प्याचा, तो पोटातून येणारा खोल "हुप्" मला हुबेहूब जमायचा. त्याबद्दल मास्तरांचा मारही खाल्लाय. पुढे दिल्लीत त्यावरच माझं पोट भरलं. इथली लालतोंडी माकडं सरकारी इमारतींत शिरून फायली फाडतात, आणि भितात ती फक्त वानराला. खरं वानर बाळगायला बंदी आहे, म्हणून वानरासारखं ओरडायला माणसं ठेवतात.

हे काम मला काकूंनी मिळवून दिलं. काकू माझ्या घरमालकीण, नात्यागोत्याच्या कुणी नव्हेत. हिंदूरावला, रिजच्या जंगलाच्या कडेला त्यांचं घर. तळमजल्यावरची खोली मला दिलेली. मराठी मुलगा उपाशी फिरतोय म्हणून त्यांनी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी कचेरीतल्या ओळखीच्या एका साहेबांना फोन केला आणि मी उस्तादांच्या हाताखाली लागलो. उस्ताद म्हातारे, एके काळी खरं वानर सायकलवर बसवून हिंडणारे. ते रोज तेच बजावायचे, "आवाज़ बाद में, बेटा. पहले देख, बंदर भागेगा किधर से. उसका रास्ता मत रोकना, वरना काटेगा."

मला माकडांची भीती वाटते हे मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. गावची वानरं फांदीवरून बघत बसायची. इथली हातावर येतात. उस्तादांच्या पाठीमागे उभं राहून आवाज काढणं वेगळं.

एप्रिलमधली सुट्टीची सकाळ होती. काकू गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. एकदम पत्रा वाजला आणि त्यांची हाक आली, "अरे, वर ये! जल्दी!"

मी जिना चढून दारात पोचलो आणि तिथंच थिजलो. दहाबारा माकडं होती, कुरडयांवर बसलेली. पलीकडच्या कोपऱ्यात काकू, हातात ताट ढालीसारखं धरून. त्यांच्या अगदी मागे कठड्यावर पिंपळाची फांदी टेकलेली. माकडं त्याच फांदीवरून आली होती, जाणार होती तीही तिथूनच. मला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. इथून ओरडलो तर ती सरळ काकूंच्या अंगावर जातील, हेही कळत होतं.

पण माझ्या मागे जिना होता. दार सोडलं तर मला पळता आलं नसतं.

मी दारातूनच ओरडलो.

सगळा कळप काकूंकडे धावला. दोन माकडं त्यांच्या खांद्यावरून फांदीवर गेली. बाकीची अडली. पोटाला पिल्लं धरलेल्या माद्या मागे, आणि त्यांच्यापुढे एक थोराड नर, काकूंना दात दाखवत. काकूंनी ताट उगारलं तसा त्यानं मनगटाचा चावा घेतला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला अजून आठवतं.

मग मी दार सोडलं. शौर्य वगैरे काही नव्हतं, पायजमा ओला झाला होता. कठड्याला पाठ घासत, नजर जमिनीवर ठेवून मी काकूंपर्यंत गेलो. नराचा श्वास ऐकू येत होता. काकूंचा दंड धरला आणि त्यांना पाण्याच्या टाकीच्या बाजूला ओढलं. फांदी मोकळी झाली. आता "हुप्" म्हणायचं होतं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा कसाबसा आवाज निघाला, आणि माद्या, पिल्लं, शेवटी तो नर, सगळी पिंपळावर गेली.

नळाखाली मी काकूंचं मनगट साबणानं धूत राहिलो. वडी दोनदा हातातून निसटली.

"बस कर रे, कातडं काढशील," काकू म्हणाल्या.

रिक्षातून दवाखान्यात गेलो. इंजेक्शनच्या रांगेत मला राहवेना. चाव्यानं काकूंना पुढे काही झालं तर, हा विचार डोक्यातून जाईना. त्याहून मोठी भीती म्हणजे त्यांना खरं कळलं तर खोली आणि काम दोन्ही जाईल. तरी बोललो, "काकू, चुकलं माझं. मी पळायला सोपं म्हणून दारात उभा राहिलो."

"मला दिसलं ते."

मी हातातल्या केसपेपरची घडी घालत राहिलो.

"अरे यार, तुझ्या जागी मी असते ना, तर केव्हाच खाली जाऊन कडी लावली असती," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं पदर सावरत पुढे सरकल्या. "चल, नंबर आला. सुई टोचताना हात धर माझा. मला सुईची फार भीती वाटते."