विमानांची सोयरीक

आमचे काशीनाथ भाऊजी आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नाहीत. विमानतळ पाहिला तोही बाहेरून, मुलीला सोडायला हैदराबादला गेले तेव्हा. आणि तिथल्या चहाचा भाव ऐकून आल्या पावली परत फिरले. तरीही विक्रांत एअर आणि पारिजात एअरवेज या दोन विमान कंपन्या एक होणार अशी बातमी आली, तेव्हा आमच्या गल्लीत ज्याला त्याला वाटलं की आता यावर काशीनाथरावच काय ते सांगतील. असं वाटणाऱ्यांपैकीही कोणी विमानात बसलेलं नव्हतं, त्यामुळे वक्ता आणि श्रोते यांचं छान जमलं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा खरा उद्योग सोयरिकी जमवण्याचा. पैसे घेत नाहीत. घेतात तो मान. बैठकीत लोडाला टेकून बसायचं, दोन्हीकडच्यांना "थांबा हो जरा" म्हणून दटावायचं, आणि सुपारी फुटली की पहिला पेढा आपण उचलायचा. त्यांनी जमवलेली लग्नं टिकलेली आहेत, हे मला कबूल करावंच लागतं. त्याचं श्रेय निमूट नांदणाऱ्या बायकांना जायला हवं. ते भाऊजी घेतात.

या उद्योगात त्यांचा एक कायदा आहे. पहिल्या निरोपाला मुलीकडच्यांनी होकार द्यायचा नाही. आत घरभर आनंद मावत नसला तरी बाहेर येऊन लांब चेहऱ्याने म्हणायचं, "घरात विचारून सांगतो." मग गप्प बसायचं. मुलाकडचे धास्तावतात आणि दुसरा निरोप पाठवतात, त्यात काहीतरी वाढवलेलं असतं. लग्न तुमच्या दारात करू म्हणतात, नाहीतर मुलीला पुढे शिकू देऊ म्हणतात. "पहिल्या निरोपाला हो म्हणलेली पोरगी सस्त्यात जाती," हे भाऊजींचं आवडतं वाक्य. "घरात विचारून" म्हणजे मुलीला विचारून, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. घरात म्हणजे चुलत्याला, मामाला आणि फार तर आजीला.

माझी गॅलरी बन्सीधरच्या हॉटेलाच्या बरोबर वर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर निवांत पेपर वाचावा म्हणून मी तिथे खुर्ची टाकली. पण खाली तोच पेपर मोठ्याने वाचून त्याचा अर्थ लावणारे बसतात, तेव्हा वरच्या माणसाला वाचायचं कामच उरत नाही. विमानांचा विषय तिथे तीन आठवडे पुरला.

भुजंग रिक्षावाल्याने सुरुवात बरी केली होती. तो म्हणाला, "दोन रिक्षा उभ्या ऱ्हायल्या तर पाशिंजर घासाघीस करतंय. एकच ऱ्हायली तर रिक्षावाला म्हणंल ते भाडं." तीन आठवड्यांतलं हे एकच शहाणं वाक्य, आणि त्यावरही त्याने लगेच पाणी ओतलं. "म्हणून मी म्हणतो, होऊ द्या एक. कुण्या तरी रिक्षावाल्याचं भलं हुईल."

बन्सीधरचा सक्त विरोध होता. त्याने एकदा मेव्हण्याच्या भेळेच्या गाड्याशी भागीदारी केली होती, आणि तेव्हापासून दोघे एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नाहीत. "भजे मी तळायचे अन् नाव त्याचं व्हायचं," एवढ्या अनुभवावर तो देशाची हवाई वाहतूक तोलत होता.

शेवटी भाऊजींनी कप बशीत ठेवला.

"तुमी खामखा वाद घालायलाव," ते म्हणाले. "हा मामला कंपनीचा नाहीच. ही सोयरीक आहे. विक्रांत मुलाकडचा, पारिजात मुलीकडची. मुलाकडं पैसा दाबून आहे, मुलीचं वळण चांगलं आहे, विमानं वेळेवर सुटतात. सध्या बैठक मानपानावर अडली आहे. नाव कुणाचं ठेवायचं? आता मला सांगा, लग्नात नाव कुणाचं बदलतंय?"

"पोरीचं," भुजंग म्हणाला.

"मग! अन् सरकार म्हणजे भटजी. त्यानं मंगलाष्टकं म्हणल्याबिगर अंतरपाट हलायचा नाही."

झालं. त्या दिवसापासून हॉटेलात कुणी कंपन्यांची नावंसुद्धा घेईना. नवरदेव काय म्हणतो, नवरीचा बाप कुठे अडलाय, रुखवतात किती विमानं, असलीच भाषा. एखाद्याला गाढवावर बसवलं तर निदान तो उतरतो तरी. भाऊजींना कुणी लोडावर बसवलं की ते उतरत नाहीत.

एवढ्या सगळ्या गप्पांत त्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांचा विषय एकदाही निघाला नाही. आणि बोलणाऱ्याची स्वतःची एकुलती एक मुलगी निवेदिता हैदराबादच्या विमानतळावर पारिजातच्या काउंटरवर नोकरीला होती. ही नोकरी तिने बापाशी भांडून मिळवली होती. लग्नाच्या बाजारात उभं राहायचं नाही, आधी स्वतःच्या पायावर, असं सांगून ती गेली आणि खरंच उभी राहिली. ती नोकरी गेली तर परत याच गल्लीत, याच बापाच्या बैठकीत येऊन बसायचं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाऊजींनी तिचा उपयोग एवढाच केला, की हॉटेलात आवाज खाली आणून म्हणायचं, "आतली खबर आहे आपल्याकडं." तिला फोन करून तुझं काय होणार, असं काही त्यांनी विचारलं नाही.

महालक्ष्म्यांना ती घरी आली. जेवणं झाली, सवाष्णी गेल्या, आणि ताई खरकटं काढत असताना निवेदिताने मोबाईल पुढे केला. कंपनीचा निरोप होता. दोन्ही कंपन्यांचे हैदराबादचे काउंटर एक होणार, तिथे माणसं जास्त होतात. नव्या कंपनीत यायचं असेल तर गुवाहाटीला जागा आहे. शुक्रवारपर्यंत होकार कळवावा. न कळवल्यास आपल्याला यायचं नाही असं समजण्यात येईल.

"मी हो कळवणार आहे," ती म्हणाली. "लांब आहे, पण नोकरी राहती."

मी म्हटलं, "आत्ताच कळव. माझ्यासमोर."

भाऊजी हसले. बैठकीत मुलाच्या बापाकडे बघून हसतात तसे. "सुमंगलाबाई, सोयरिकीतलं तुमाला काय कळतंय?" माझं लग्न झालेलं नाही, ते या घरात अधूनमधून असं ताटात वाढलं जातं. मी गिळलं नाही. म्हटलं, "भाऊजी, ही सोयरीक नाही. यात तारीख लिहिली आहे."

"तारीख लिहितातच. मुलाकडचे म्हणत नाहीत का, आमच्याकडं दहा स्थळं आहेत म्हणून? कुठं असतात दहा स्थळं?" मग ते मुलीकडे वळले. "बेटा, गुवाहाटी हा पहिला निरोप. इतकी शिकवून तयार केलेली पोरगी ते सोडतील का? तू गुमान बस. दुसरा निरोप येतो का नाही बघ. हैदराबादच देतील."

निवेदिता वेडी नाही. पण हैदराबाद म्हणजे संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी घर, आणि ताईचे गुडघे गेलेले. मला नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "मावशी, बाबांचं आजवर एकही लग्न मोडलं नाही. खरंच हैदराबाद मिळालं तर?" त्या 'तर'ला मीही भुलले, कारण मलाही ती जवळच हवी होती. तिने रजा वाढवली आणि शुक्रवार जाऊ दिला.

शनिवारी भाऊजी हॉटेलात नवरीच्या बापासारखे बसले. मोबाईल टेबलावर उताणा. "धास्तावलेत आता," ते म्हणाले. रविवारी म्हणाले, कचेऱ्या बंद असतात. सोमवारी दुपारी निवेदिताच्या मोबाईलवर खरंच निरोप आला. आपला निर्णय समजला, आजवरच्या सेवेबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

ती भिंतीला टेकून खाली बसली. ताईने पाणी आणलं. आणि भाऊजींनी चष्मा लावून तो निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "शुभेच्छा दिल्यात. मोडायचंच असतं तर शुभेच्छा दिल्या असत्या का?"

माझ्या तोंडी जे आलं ते मी इथे लिहीत नाही. घरात मात्र बोलले.

मंगळवारी त्यांचा धीर सुटला, पण तोरा सुटला नाही. हॉटेलात येऊन म्हणाले, कधीकधी मुलाकडचे भिडस्त असतात, मध्यस्थानं जरा टोकावं लागतं. मग पारिजातच्या ग्राहक सेवेचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. आधी बराच वेळ संगीत वाजलं. मग यंत्र म्हणालं हिंदीसाठी दोन दाबा. भाऊजींनी दाबलं. बन्सीधरने गॅस बारीक केला, भुजंग रिक्षा सोडून आत आला. मी गॅलरीच्या कठड्याला वाकून उभी होते. लाज वाटत होती आणि हलवतही नव्हतं.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

"हां बेटी, मैं परभनी से, लड़की के तरफ से बात कर रहा हूँ."

"जी सर, लड़की के नाम पर टिकट है?"

"टिकट नको... नहीं. लड़की तुम्हारे घर में ही है. हैदराबाद में. तुम्हारा पहला पैगाम आया था, हम बोले घर में पूछ के बताते. अब तुम दुसरा भेजो, हमारी ना नहीं है."

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो आवाज नम्रपणे म्हणाला, "सर, टिकट कैंसल करना है क्या?"

भुजंग फिस्सकन हसला. बन्सीधरने दुसरीकडे तोंड फिरवलं. याच वेळी निवेदिता बापाला जेवायला बोलवायला म्हणून रस्त्यापलीकडून आलेली होती. ती कधीची दारात उभी होती मला माहीत नाही. पुढे होऊन तिने भाऊजींच्या हातातला फोन घेतला, पण बंद केला नाही.

"माफ करना," ती फोनवर म्हणाली. "मैं पारिजात में ही थी, हैदराबाद काउंटर पर. आप लोगों को भी पूछा था?"

ती मुलगी हळू आवाजात, सहायतेचा सूर सोडून म्हणाली, "हाँ दीदी. मैंने तो उसी दिन हाँ बोल दिया."

"अच्छा किया," निवेदिता म्हणाली आणि फोन ठेवला.

भाऊजी तिच्याकडे वर बघत होते. ती बापाला ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाबा, लग्नात दुसरा निरोप येतो, कारण तो आणायला तुमीच जाता. रात्री मुलाच्या बापाला गाठून तुमीच सांगता, अजून एकदा पाठवा म्हणून. तिकडं माझ्यासाठी कोण जाणार होतं?"

मग म्हणाली, "चला. आई ताट वाढून बसली आहे."

हे गुपित सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, फक्त भाऊजींना नव्हतं. इतकी वर्षं स्वतःच निरोप ने-आण करून त्यांना खरंच वाटायला लागलं होतं, की मुलीच्या मौनाने जग वाकतं. माणूस दुसऱ्याला फसवता फसवता स्वतः कसा फसतो, हे मी वर्गात मुलांना शिकवलं असतं तर उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नसतं. मला त्यांचा राग आला होता, अजूनही आहे.

कंपन्या एक झाल्या. बन्सीधरच्या टीव्हीवर विमानाच्या पाठीवरचं पारिजातचं नाव खरवडून काढताना दाखवलं, तेव्हा हॉटेलात कुणी नवरीचा विनोद केला नाही. निवेदिता आता स्टेशन रोडवरच्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसते आणि लोकांना विक्रांतची तिकिटं काढून देते. बॅगेचं वजन जास्त झालं तर काय होतं, हे गिऱ्हाइकाला अजूनही हसून सांगते. संध्याकाळी घरी येते, बापाशी बोलते, पण कामापुरतं.

परवा पेडगावचे पाहुणे भाऊजींकडे आले. त्यांच्या मुलीला मागणी आली होती, चांगलं स्थळ, पहिला निरोप. आता किती दिवस गप्प बसायचं, एवढंच विचारायला ते आले होते. भाऊजी लोडाला टेकले नव्हते. मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "पोरीला विचारलं का? तिला फोन लावा. इथंच, माझ्यासमोर विचारा. अन् ती म्हणंल ते आजच कळवून टाका."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि उठले. स्टेशनपर्यंत ते भुजंगच्या रिक्षातून गेले, आणि भुजंगने परत येऊन सगळ्या हॉटेलाला सांगितलं ते मी वरून ऐकलं. त्यांनी आता दुसरा मध्यस्थ बघायचं ठरवलंय. वाटेत त्यातला म्हातारा म्हणत होता म्हणे, "काशीनाथरावाचं डोकं फिरलंय गड्या. पोरीला विचारा म्हणायलाय."