खंडेनवमीला बदललेले बोल्ट

खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, माजी सैनिक बबन त्यांची ३१५ बोअरची रायफल घेऊन भवानी पेठेतल्या माझ्या दुकानात आले. मी परवानाधारक बंदुका दुरुस्त करतो. बबन मूळचे नातेपुत्याचे, सध्या सोलापुरात सिक्युरिटी गार्ड.

"काल प्रॅक्टिसला एकच गोळी झाडली, मालक. गालाला गरम वाफ लागली. साफ करून द्या की."

"रिकामी केस आणलीत?"

त्यांनी झाडलेल्या काडतुसाची पितळी केस खिशातून काढून दिली. बुडाजवळ पितळेवर एक बारीक चीर होती. मी टोक वाकवलेली तार आत घालून फिरवली. तार एका खोबणीत अडकली. खोबणी पूर्ण गोल होती, म्हणजे केस आतून चहूबाजूंनी तुटायला आली होती. बबननी तार घेऊन स्वतः फिरवून पाहिली आणि ते स्टुलावर बसले.

काडतूस आत सरकवून मागून बंद करायची कडी म्हणजे बोल्ट. काडतुसाच्या बुडाची कड नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये बसते. त्या जागेला हेडस्पेस म्हणतात. जागा जास्त झाली की गोळी सुटताना केस मागे ताणली जाते. तुटली, तर गॅस चेहऱ्यावर येतो.

ही जागा दोन पोलादी मापांनी, म्हणजे गेजनी, तपासतात; 'नो-गो' 'गो'पेक्षा किंचित जाड. 'गो'वर बोल्ट बंद व्हायला हवा, 'नो-गो'वर होता कामा नये. दोन्ही गेज चिमटीत धरले तर जाडीतला फरक कळत नाही. बबनच्या रायफलीचा बोल्ट नो-गोवर सहज बंद झाला, म्हणजे जागा जास्त होती.

बोल्टच्या मुठीवर नंबर असतो. तो रायफलीच्या नंबरशी जुळत नव्हता.

"हा नंबर कुणाचा, मेजर?"

त्यांनी वाचला. "दादाचा."

थोरले भाऊ तुकाराम, तेही गार्ड, रायफल तसलीच. खंडेनवमीला दोन्ही रायफली बोल्ट काढून एकाच पाटावर मांडल्या होत्या, आईने पुजल्या.

"जोडल्या मीच. दादा जेवत हुता."

"त्यांची रायफल कुठंय?"

"रेंजवर. आज त्याच्या बॅचचं फायरिंग हाय."

पहिला फोन उचलला गेला नाही. दुसराही नाही. तिसऱ्यांदा बबननी स्पीकर लावला.

"बोल की बबन्या, लायनीत हाय मी."

"दादा, झाडली का?"

"कशाची झाडतोय. बोल्टच बसंना. आता तळहातानं ठोकणार हुतो."

"ठोकू नगो. तो माझा हाय."



"पलटणीत असं केलं असतंस, तर पाठीवर रायफल घिऊन मैदानाला फेऱ्या मारल्या असत्यास."

"व्हय, मारतो. आधी बोल्ट काढ."

दुपारी तुकाराम रायफल घेऊन आले. दोन्ही बोल्ट मी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे. तिथे प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीत घासून बसवतात, मग त्यावर नंबर मारतात. अदलाबदलीमुळे एका रायफलीत कागदाच्या जाडीएवढी जागा जास्त झाली होती, दुसरीत तेवढीच कमी. आयुष्य या कामात गेलं, तरी मी ते दोन्ही उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिलो. फरक दिसला नाही. तुकारामांनी पाहिलं, बबननी पाहिलं. त्यांनाही दिसला नाही.

नंबर पाहून बोल्ट आपापल्या रायफलीत बसवले. गो गेजवर दोन्ही बंद झाले. नो-गोवर एकही झाला नाही.