खाऊची पिशवी

नैनितालचा तलाव सुंदर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. चारी बाजूंनी डोंगर, मधे हिरवं पाणी, पाण्यात होड्या. मुलुंडला आमच्या इमारतीमागेही डोंगर आहे, पण तो बघायला कोणी विमानाने येत नाही.

आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि बायको. तिकिटं लेकीने काढली. म्हणाली, "बाबा, तुम्ही आता ठणठणीत आहात, फिरून या." हे लेकीचं मत. गेल्या वर्षी मे महिन्यात माझी बायपास झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की तीन महिने जड काही उचलायचं नाही. तीन महिने झाले, त्यावर वर्ष उलटलं, पण बायकोने ती मुदत काही संपू दिली नाही. मी दुधाची पिशवी उचलली तरी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "ठेव ती!" यंदा गावाहून चुलतभाऊ आंब्याची पेटी पाठवत होता, तर हिने परस्पर नको म्हणून कळवलं. का, विचारलं तर म्हणाली, "शुगर." मला शुगर नाही.

तर नैनितालला सामान कोण उचलणार हा प्रश्नच नव्हता. बॅगेला चाकं होती, ती हिने ओढली. शिवाय खाऊची पिशवी. साडीच्या दुकानातली जाड कापडी पिशवी, तिच्यात चकल्या, मेथकूट, तिळाची चटणी, लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी आणि माझ्यासाठी बिनतेलाचा चिवडा, जो खाण्यापेक्षा मी दुसरी बायपास करून घेईन. डोंगरात धड जेवायला मिळत नाही असं हिचं ठाम मत. खोलीत पिशवी ठेवायलाही तयार नाही, कारण खिडकीबाहेर माकडं. म्हणून ती पिशवी आमच्याबरोबर सगळं नैनिताल फिरली. हिच्या खांद्यावर.

आणि मी मागून रिकाम्या हाताने, आरामात. मी दिसायला चांगला धडधाकट आहे, हीच गोची. हॉटेलचा मॅनेजर माझ्याकडे बघायचा. रिक्षावाला बघायचा. देवीच्या देवळाबाहेर एक आजीबाई सरळ म्हणाल्या, "भाईसाब, औरत से इतना बोझ उठवाते हो?" मला वाटलं शर्ट उघडून टाक्यांचे व्रण दाखवावेत. वरचं बटण काढलंसुद्धा. तर ही म्हणते, "काय करतोस? लाव ते, गारठा आहे."

शेवटच्या दिवशी होडीत बसलो. पिशवी हिच्या मांडीवर. नावाड्याने हसून वल्हं माझ्यापुढे केलं, "चलाओगे, साब?" मी हात पुढे केला, आणि ही किंचाळली, "नको!" एवढ्या जोरात की शेजारच्या होडीतल्या नव्या नवरीने दचकून नवऱ्याला धरलं. माझं डोकंच फिरलं. "मी काय मेलोय का गं?" मी म्हटलं. "बसवून ठेवलंयस शोकेसमध्ये! खड्ड्यात गेली ती पिशवी आणि खड्ड्यात गेलं नैनिताल!" नावाड्याला मराठी येत नव्हतं, पण त्याने वल्हं मागे घेतलं. बाकीची सफर मी पाण्याकडे बघत काढली. तलाव सुंदर होता.

हॉटेलला जायची वाट उभ्या चढाची. अर्ध्यात ही थांबली. धाप लागली होती, खांद्यावर बंदाचा लाल वळ उठला होता. मी पिशवीला हात घातला. ही सोडेना. मीही सोडेना. भर रस्त्यात पन्नाशी उलटलेली दोन माणसं पिशवी ओढतायत, लोक थांबून बघतायत.

"सोड रे!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "तेव्हा पेटी मीच आणायला सांगितली होती ना!"

"कसली पेटी?"

"आंब्याची!"

मग मला आठवलं. त्या दिवशी गावाहून पेटी आली होती, लिफ्ट बिघडली होती, आणि पेटी घेऊन जिना चढून मी दारापाशी कोसळलो होतो. त्यापुढचं मला थेट हॉस्पिटलचं छत आठवतं.

"अगं, नळ्या कित्येक वर्षं तुंबत होत्या," मी म्हटलं. "डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. आंब्यांचा काय संबंध?"

"ते नाही रे." तिने पदराने नाक पुसलं. "मी आत होते. बाहेर धप्पकन आवाज आला. आणि मी आतून ओरडले, 'आपटलीस ना पेटी?' तू तिथे पडला होतास, आणि मी पेटीचं बोलले. मग वर पोळीसुद्धा उलटली. मग आले बाहेर."

मी तिथेच कठड्यावर बसलो. हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर घरात मला वाटत होतं की ही माझ्यावर पहारा करते. मलाही रडू आलं, आणि समोर ती माणसं उभीच होती.

"फुटले होते का गं आंबे?" डोळे पुसत मी विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "बाकीचे वाटून टाकले."

"मी काही ऐकलं नव्हतं," मी म्हटलं. "शपथ."

तिने माझ्याकडे बघितलं, खरं बोलतोय की नाही ते तपासलं. मग पिशवीचा एक बंद माझ्या हातात दिला. दुसरा तिने धरला. असं चालणं फार गैरसोयीचं असतं, पिशवी गुडघ्यांवर आपटते आणि आम्हा दोघांची उंचीही सारखी नाही. वळणावर माझा पाय जरासा घसरला, बरणी आत खणखणली.

"अरे, आपटशील ना!" ती बोलून गेली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"नाही आपटत," मी म्हटलं. "चल."