मरळीसाठी भरलेली सॅक

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा मेहुणा तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका तळ्यावर मरळ मासा पकडायला गेलो होतो. मुक्काम करायचा बेत होता, पण संध्याकाळीच परतलो. तंबूचा खांब उभा करताना मोडला, विजेरीने पेटल्या पेटल्या मान टाकली आणि उतारावर मेहुण्याच्या बुटाचा तळच सुटून आला. तो त्याने सुतळीने बांधला. परतीच्या जीपमध्ये शेजारच्या बाई सगळा वेळ त्या बुटाकडे बघत होत्या.

यंदा मात्र सामान नीट पारखून घ्यायचं ठरलं. मी तारापूरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे वस्तू चालवून बघितल्याशिवाय माझा तिच्यावर विश्वास बसत नाही. मेहुण्याचं डहाणू रोडला मोबाईलचं दुकान आहे. तो ऑनलाइन लोकांनी दिलेले तारे मोजून खरेदी करतो. दिवाळीपासून आमच्या फोनवर दुसरा विषयच नव्हता. तो एखाद्या वस्तूचा फोटो पाठवायचा आणि मी विचारायचो, शिलाई दुहेरी आहे का?

सामान आलं की त्याची परीक्षा बोर्डीच्या आमच्या चिकूच्या वाडीत व्हायची. मासेमारीचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, मेहुण्याने मोठ्या कौतुकाने आणला होता. हा मगरसुद्धा ओढेल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला पाण्याने भरलेली बादली बांधली आणि चिकूच्या फांदीला टांगली. मेहुणा खाली उभा राहून त्या कंपनीची महती सांगत असतानाच दोरा तुटला. तो डोक्यापासून चपलांपर्यंत भिजला. दुसरा तंगूस मी चिंचणीच्या बाजारातून, मच्छीमार घेतात त्या दुकानातून आणला. त्याला टांगलेली बादली दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच लोंबकळत होती.

तंबूच्या परीक्षेसाठी आत कोणीतरी बसणं गरजेचं होतं. बायको वालाच्या शेंगा सोलत होती, तिला म्हटलं, तेच काम आत बसून कर. ती पातेलं घेऊन आत गेली. आम्ही पंप सुरू केला आणि पाइपाने तंबूवर चारही बाजूंनी पाणी मारलं. बराच वेळ झाला तरी आतून काही आवाज येईना, म्हणून मी पंप बंद करून पडदा सरकवला. शेंगा केव्हाच सोलून झाल्या होत्या आणि ती हाताची उशी करून आडवी पडली होती.

"बंद का केलंत?" ती म्हणाली. "छान वाटत होतं."

निघायला आठवडा उरला असताना मेहुण्याने नवे बूट पायाला सरावावेत म्हणून पाठीवर भरलेली सॅक घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने डहाणूहून बोर्डीपर्यंत चालायचं ठरवलं. दुपारी तो आमच्या अंगणात आला तेव्हा बूट हातात होते. दोन्ही टाचांना फोड आले होते आणि अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. बायकोने त्याचे पाय कोमट पाण्यात ठेवले. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तो मान खाली घालून बसला होता.

"मी येते," बायको म्हणाली.

मी तिला चढण सांगितली, थंडी सांगितली. तळ्यावर काहीच सोय नाही, हेही सांगितलं.

"त्या तंबूत पाऊस पडताना मी बसलेय," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कोण बसलंय?"

मेहुणा हसला, आणि आपली सॅक त्याने स्वतःच तिच्याकडे सरकवली. "ताई, पट्टे तुझ्या मापाने आवळून देतो," म्हणाला.

तिने ती सॅक आधी पूर्ण रिकामी केली. तीन विजेऱ्यांपैकी दोन बाहेर काढल्या, लोखंडी तवा बाहेर काढला आणि शेंगदाण्याची चटणी आत टाकली. बूट म्हणाल तर रोज फिरायला जाते तेच कापडी.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचं घर तळ्याच्या अलीकडच्या पाड्यावर आहे. मासे धरायची परवानगी त्यानेच काढून ठेवली होती. त्याच्या अंगणात स्कूटर लावली, त्याच्या आईने नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या, आणि आम्ही चालायला लागलो. चढणीवर दम खायला पहिल्यांदा मीच थांबलो. ती पुढे उभी राहून भाताची कापलेली खाचरं बघत होती.

तळ्यावर तंबू उभा करून मी गळाला आमिष लावलं, काठी तिच्या हातात दिली आणि चुलीसाठी तीन दगड शोधायला वळलो. इतक्यात रीळ करकरलं. बघतो तर काठी कमानीसारखी वाकलेली आणि बायको पाय रोवून उभी. मी धावत जाऊन सांगायला लागलो, ढील दे, आता ओढ, आता थांब.

"तुम्ही जरा गप्प बसा," ती शांतपणे म्हणाली.

मी दोन पावलं मागे सरलो. मासा दोनदा लव्हाळ्यात घुसला आणि दोन्ही वेळा तिने त्याला बाहेर आणला. अखेर काठावर आली ती चांगली कोपरभर लांबीची मरळ. तिने काठी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना.

टेकाडावर चढल्यावर फोनला रेंज मिळाली. मेहुण्याला बातमी सांगितली. तो म्हणाला, "भावोजी, फोन ताईला द्या." त्या दोघांचं बोलणं इतकं लांबलं की अंधार पडायच्या आत मासा भाजायला मलाच एकट्याला खाली यावं लागलं. हळद-मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेली ती मरळ आम्ही भाकरीबरोबर खाल्ली, काट्यांशिवाय काही उरलं नाही.

घरी ती सगळ्यांच्या आधी उठते. त्या सकाळी ऊन तंबूवर आलं तरी ती झोपलेलीच होती. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठाला बगळे उभे होते. मी चहा करून तंबूच्या तोंडाशी ठेवला. ती उठली, शाल गुंडाळून बाहेर आली आणि तळ्याकडे तोंड करून बसली. कधी निघायचं, हे तिने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.