सॉफ्टवेअरनं पातळ केलेला आवाज

पिरंगुटच्या बाजारात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आणि शहनवाजचा स्टुडिओ यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे त्याच्याकडचं मला सगळं कळतं आणि माझ्याकडचं त्याला. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना गादीचा फोम चिकटवलेला, एक कॉम्प्युटर, एक माइक आणि बंद पंखा. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा लावायचा नाही, मग माणूस घामाने निथळला तरी चालेल. गावोगावच्या जत्रा, कुस्त्या, नव्या दुकानांची उद्घाटनं, या सगळ्यांची जाहिरात इथे बोलून घ्यायची आणि टेम्पोवर भोंगा बांधून गावभर फिरवायची. बोलणारे एकच, शहनवाजचे वडील फकरुद्दीनचाचा.

रेकॉर्डिंगची भानगड नव्हती तेव्हा चाचा स्वतः रिक्षात बसून, हातात माइक धरून अख्खा मुळशी तालुका पालथा घालायचे. आवाज असा खणखणीत, की रिक्षा अलीकडच्या वाडीत असतानाच पलीकडच्या वाडीतल्या बाया चुलीवरचं उतरवून दारात यायच्या. मुठा गावात तर रिवाजच पडला. चाचांचा आवाज गावातून फिरल्याशिवाय जत्रा लागली असं तिथे कोणी मानत नाही. देव गावाचा, आवाज आमच्या चाचांचा, आणि यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षभरात शहनवाजला एक खूळ लागलं होतं. "शेखर, आवाज पातळ येतोय. ह्या सॉफ्टवेअरात दमच न्हाई," असं तो येता-जाता म्हणायचा. म्हणून त्याने सॉफ्टवेअर बदललं. थोड्या दिवसांनी तेही बदललं. इंटरनेटवर लोक यावरून हमरीतुमरीवर येतात म्हणे. याच्यात आवाज भरीव येतो, त्याच्यात कोरडा येतो. मी एकदा म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." तर गडी असा चिडला, की माझ्याकडे चहाला यायचाच बंद झाला.

मग जत्रेच्या तोंडावर मुठ्याहून कैलास आला. जत्रा कमिटीचं काम तोच बघतो. चाचांनी नेहमीप्रमाणे माइकपुढे बसून सगळा कार्यक्रम सांगितला. शहनवाजने तेच बोलणं जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलं, कालच घेतलेल्या नव्यातूनही काढलं, आणि मला हाक मारून दोन्ही ऐकवलं.

"नवीनच भारी!" कैलास म्हणाला. मलाही नवीनच चांगलं वाटलं, खोटं कशाला बोला. शहनवाजचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. पण लगेच त्याचं लक्ष स्क्रीनवरच्या आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीकडे गेलं. नवं सॉफ्टवेअर आवाज जरासा मोठा सोडत होतं, बस. आणि मोठं ते चांगलं ही आमच्याकडची जुनीच समजूत, लग्नाचा बँडसुद्धा आम्ही त्यावरच ठरवतो. त्याने दोन्ही एका पातळीला आणले. मग कुठला कोणता, हे कुणालाच सांगता येईना.

"थांबा, एक शेवटचं बघतो," तो म्हणाला. ती युक्ती त्याने मला नंतर समजावली. दोन्हींतल्या एका आवाजाची लाट उलटी करायची, चढ तिथे उतार, आणि दोन्ही एकदम वाजवायचे. जेवढं सारखं असेल तेवढं एकमेकांना खाऊन टाकतं, आणि उरतो तो नुसता फरक. त्याने बटण दाबलं.

आम्ही कान देऊन बसलो. काहीच येईना.

"लाव की रं," चाचा म्हणाले. "थांबलास कशाला?"

"लावलंय, अब्बा."

"मंग?"

"दोन्ही एकच हायेत. फरकच न्हाई, म्हणून काय ऐकू येत न्हाई."

कैलास खाली बघायला लागला. सॉफ्टवेअरचा दोष नाही म्हटल्यावर पातळ झालेलं एकच उरत होतं, आणि ते आमच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"म्हंजे तुझ्या मशिनीत खोट न्हाई," चाचा शांतपणे म्हणाले. "आवाज माझाच बसलाय."

"तसं न्हाई अब्बा, माइक जुना झालाय..."

"आता त्या माइकला कशाला बोल लावतो?" चाचा चक्क हसले.

कैलासने तोडगा काढला. "चाचा, गेल्या सालचं हाय ना तुमच्याकडं? तारीख बदलून त्येच फिरवू. कुणाला कळतंय?"

"आरं, गेल्या सालच्या चाचानं यंदाची जत्रा सांगायची व्हय? जसा निघतोय तसा जाऊ दे. शहनवाज, त्याला मोठा करू नको, जाड करू नको, काय बी लावू नको. गावालाबी कळू दे."

वर्षभर शहनवाज त्या आवाजाला काही ना काही लावतच होता. ते सगळं त्याने एकेक करून काढलं. उरला तो घोगरा, वाक्याच्या मध्येच दम खाणारा आवाज. मुलाने तो तसाच पेनड्राइव्हवर घेतला.

एरवी टेम्पोवर भाड्याचा ड्रायव्हर असतो. या खेपेला शहनवाज स्वतः मुठ्याला गेला. दुसऱ्या दिवशी येऊन तो माझ्या दुकानात बसला, मी न बोलावता.

"इंजिन बंद करावं लागलं रं, दर आळीत," तो म्हणाला. "इंजिनापुढं अब्बा ऐकूच येईनात. मंग लोकंच कामं सोडून टेम्पोपाशी आली. ती सगुणाबाई हाय ना, देवळामागची, ती भोंग्याखाली हुबी राहून शेवटपत्तुर ऐकत व्हती. संपल्यावर म्हणली, 'चाचा लई थकलं का रं? जत्रंला घिऊन ये त्यान्ला. बघू दे यकदा.'"

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"यकदा ऐकून कळलं तिला, शेखर. मला वरीसभर कळलं न्हाई."

"तुला कळत होतं," मी म्हटलं.

तो बाहेर रस्त्याकडे बघत बसला.

"व्हय," म्हणाला.