वळणापुढची सात घरं

स्पिरिटचा वास आला की दत्तोबांना अजून कसब्यातली ती गल्ली आठवते. पाणीखात्यात तीस वर्षं त्यांचं काम एकच, नळाच्या पाण्याचे नमुने घ्यायचे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचा, नळाचं तोंड शेकायचं, पाणी जरा वाहू द्यायचं आणि मग बाटली भरायची. बाहेरचा जंतू आत जाता कामा नये!

गल्लीच्या तोंडाशी सुनीतीबाई राहायच्या, शाळेत शिकवायच्या. "आलात आमच्या नळाला अग्नी द्यायला?" म्हणायच्या आणि आल्याचा चहा पुढे करायच्या. अहाहा, काय चहा, काय ते दिवस! चहा प्यायचा, बाटली तिथेच भरायची, की झाला गल्लीचा नमुना. वळणापुढे आणखी सात घरं होती. पण पाइप एकच, मग उगाच पायपीट कशाला? शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणत गड्यानं बारा वर्षं काढली.

एका श्रावणात वळणापुढे पाइप फुटला आणि ड्रेनेजचं पाणी आत शिरलं. सुनीतीबाईंचा नळ स्वच्छ, पुढे मात्र घरोघर कावीळ. शेवटच्या घरातल्या ललिताला आठवा महिना होता. ती वाचली, बाळ गेलं. दत्तोबांच्या वहीत त्या आठवड्यातही 'पाणी चांगलं' असंच होतं. कुणी त्यांना बोल लावला नाही. अहो, लावला असता तर बरं झालं असतं! त्यांनी ती गल्लीच बदलून मागितली.

यंदा कळलं, ललिता शहराबाहेर मांजरी गावी राहायला चाललीय. आता नाही तर कधीच नाही, म्हणून सत्तरीचे दत्तोबा काठी टेकत वळणापुढे गेले. दारात सामान बांधलेलं होतं.

"ललिताबाई, मी तो नमुनेवाला. तुमच्या नळापर्यंत कधी आलोच नाही. तिकडेच चहा पीत बसायचो. माझ्यामुळे तुमचं बाळ..."

ललितानं एक खोकं सोडून चहाचं पातेलं काढलं आणि गॅसवर ठेवलं.

"दर मंगळवारी तुमच्या सायकलची घंटी ऐकू यायची," ती म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, नमुनेवाले येतील, एक कप जास्त टाक. मी टाकायचे. तुम्ही वळणाच्या अलीकडूनच मागे फिरायचात."

दत्तोबा उंबऱ्यावरच बसले आणि लहान पोरासारखे रडले.