आईची भाकरी कधी बंद झाली?

आज एका डॉक्टरबाईंनी मला गप्प केलं, म्हणून लगेच लिहितेय.

आई मांजर्लीत एकटी राहते. दोन महिने तिच्या पायांत गोळे येतायत. रक्तात पोटॅशियम कमी म्हणून सिरप चालू होतं, वर मी केळी आणि नारळपाणी देत होते. तरी आकडा हलेना. तू सिरप चुकवतेस म्हणून मी तिच्यावरच चिडायचे.

आज तिला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "दिवसभर खाता काय?"

मीच म्हटलं, "भाजी-भाकरी, सगळं घरचं."

"तुम्ही थांबा. मावशींना बोलू द्या."

आई हळूच म्हणाली, "चहा-टोस्ट, दुपारी भात. आणि रोज ॲसिडिटीची गोळी."

"बालदीला छेद आहे, वरून पाणी किती पण टाका," बाई मला म्हणाल्या. मॅग्नेशियम कमी असलं की किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही, लघवीतून सोडून देते. आणि रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीनेही मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. लगेच टेस्ट करायला लावली. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेलो. मॅग्नेशियमच कमी.

त्यांनी त्याचं औषध दिलं, ॲसिडिटीची गोळी बदलली, नाचणी-बाजरी आणि पालेभाजी खायला सांगितली. बाहेर एवढी गर्दी, पण बाईंना घाई नाही. आम्ही निघताना त्यांनी विचारलं, "मावशी, भाकरी कधी सोडली?"

"हिचं लग्न झालं तेव्हा. एकटीसाठी कोण थापणार?"

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली.

तुमची आई आज काय जेवली? तिलाच विचारून सांगा.